ज्याचे इंजिन त्याचा उजेड

रब्बीचा हंगाम उभा राहिला की खानदेशात विजेची दोन निरनिराळी राज्ये दिसू लागतात. जळगाव-धुळ्याच्या बाजारपेठेत वीज गेली, की दुकानांच्या पायऱ्यांवरचे जनरेटर धडधडू लागतात, बंगल्यांच्या आवारातील यंत्रे त्यांना साथ देतात आणि पाच-दहा मिनिटांत व्यवहार पूर्ववत सुरू होतो. याच जिल्ह्यांत तापी-गिरणेच्या काठचा शेतकरी कानटोपी चढवून, हातात बॅटरी घेऊन, रात्री केव्हातरी येणाऱ्या थ्री-फेजची वाट पाहत विहिरीवर बसलेला असतो. पारा दहा अंशांच्या खाली गेलेला असतो. केळीच्या बागेला कडाक्याच्या थंडीत रात्रीचे पाणी उपकारकच ठरते, बागेभोवती शेकोट्याही पेटवल्या जातात, हे खरे आहे. परंतु गव्हाला आणि हरभऱ्याला मध्यरात्री पाणी द्यावे असे कृषिशास्त्राने सांगितलेले नाही. ते वीज कंपनीच्या वेळापत्रकाने सांगितले आहे.

या वेळापत्रकामागील हिशेब सरळ आहे. औष्णिक केंद्रे रात्री बंद करता येत नाहीत, रात्री शहरांची मागणी ओसरते आणि उरलेली वीज कोठेतरी खपवावी लागते. ती शेतीच्या वाहिन्यांवर सोडली जाते. म्हणून आठवड्यातील काही दिवस शेतीला दिवसा वीज मिळते आणि उरलेले दिवस रात्री. हिशेबात बसत नाही तो फक्त माणूस. २०१७ च्या हिवाळ्यात चाळीसगाव तालुक्यात गिरणेच्या परिसरात नरभक्षक बिबट्याने एकामागून एक बळी घेतले आणि डिसेंबरात त्याला गोळी घालावी लागली. त्या काळात रात्रीच्या पाण्याला जाणाऱ्याच्या घरी काय अवस्था असेल, हे वेळापत्रक आखणाऱ्यांनी कधी विचारात घेतले असेल असे दिसत नाही. सापाचे, विंचवाचे, ओल्या हाताने स्टार्टर दाबताना बसणाऱ्या धक्क्याचे भय तर बारमाहीच आहे.

‘मग जनरेटर घ्यावा’, असा सल्ला अलीकडे फार सहज दिला जातो. तो देणाऱ्यांनी थोडे अंकगणित करून पाहावे. छोट्या डिझेल जनरेटरला एक युनिट वीज निर्माण करण्यास एक तृतीयांश ते अर्धा लिटर इंधन लागते. लिटरचा भाव ९० रुपये धरला तर केवळ इंधनाचाच खर्च युनिटमागे ३० ते ४५ रुपये होतो. त्यात यंत्राची किंमत, झीज, ऑईल धरलेले नाही. पाच अश्वशक्तीचा पंप आठ तास चालवण्यास सुमारे ३० युनिटे लागतात, म्हणजे दिवसाला ९०० ते १,३५० रुपये. शिवाय मोटर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढते, म्हणून जनरेटरही पंपाच्या मानाने बराच मोठा घ्यावा लागतो. दोन एकर हरभरा करणाऱ्याला हा सल्ला देणे म्हणजे भाकरी नसेल तर पुरी खा म्हणण्यासारखे आहे. एके काळी विहिरीवरचे ऑईल इंजिन काढून शेतकऱ्याने विजेची मोटर बसवली, ती वीज स्वस्त व भरवशाची असेल या सरकारी आश्वासनावरच.

ज्यांना जनरेटर परवडतो, त्यांनाही तो निर्धोक नाही. थंडीमुळे दारे-खिडक्या लावलेल्या असतात. अशा वेळी यंत्र पडवीत किंवा जिन्याखाली चालवले तर त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड घरात साचतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि झोपेतल्या माणसाला तो जागे होऊ देत नाही. दुसरा धोका दुसऱ्याच्या जिवाला असतो. चेंजओव्हर स्विच न बसवता जनरेटरची वायर थेट घरच्या जोडणीत खोचली, तर वीज उलटी तारांवर जाते, रोहित्रातून तिचा दाब ११ हजार व्होल्टपर्यंत चढू शकतो आणि ‘लाइन बंद आहे’ या समजुतीने खांबावर चढलेला वायरमन मरतो. हा वायरमन आज पुष्कळदा कंत्राटी असतो. एका घरच्या उजेडाची किंमत त्याच्या घरातील अंधाराने चुकती व्हावी, हे कोणत्याही सुसंस्कृत समाजाला शोभणारे नाही. ज्याच्याकडे जनरेटर आहे त्याने आधी तो स्विच बसवावा.

तथापि जनरेटरचे खरे नुकसान याहून खोल आहे. अर्थशास्त्रज्ञ आल्बर्ट हर्शमन यांनी १९७० साली एका छोटेखानी ग्रंथात नायजेरियातील रेल्वेचे उदाहरण घेतले होते. सेवा बिघडली तेव्हा ज्यांची ऐपत व ओरड मोठी होती ते व्यापारी मालमोटारींकडे वळले. तक्रार करणारेच निघून गेल्याने रेल्वे सुधारण्याचे कारण उरले नाही. खानदेशात हेच घडत आले आहे. गावातील वीज गेल्यावर ज्यांच्या फोनने उपअभियंता हलतो, तो डॉक्टर, अडत्या, बागायतदार यंत्र आणून मोकळा होतो. कार्यालयावरील मोर्चात मागे राहतो तो अल्पभूधारक, ज्याची पिठाची गिरणी बंद पडली तो गिरणीवाला, आणि पाण्याची टाकी न भरल्याने हंडा घेऊन निघालेली बाई.

राज्याच्या धोरणाने या फुटीला वेळोवेळी खतपाणीच घातले. १९६० साली स्थापन झालेल्या वीज मंडळाने नव्या प्रकल्पांची वाट सोडून एन्रॉनची वाट पाहिली. २,१८४ मेगावॅटचे स्वप्न दाखवणाऱ्या दाभोळचा ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा १९९९ मध्ये सुरू झाला आणि २००१ मध्ये बंद पडला. महागड्या कराराचा भार मात्र मंडळाच्या माथी आला. २००५ साली मंडळाचे तुकडे करून कंपन्या करण्यात आल्या, पण तुटवडा हटला नाही. ग्रामीण भागात दिवसाला बारा-बारा तास भारनियमन झाले. पुढे गळती व वसुलीनुसार ‘ए’ ते ‘जी’ असे गट पाडले गेले. आकडे टाकणाऱ्या शेजाऱ्याच्या अपराधाबद्दल नियमित बिल भरणाऱ्याला अंधाराची शिक्षा, असा हा न्याय होता. २००६ साली पुण्यात कारखानदारांचे जनरेटर चालवून व त्याचा जादा खर्च ग्राहकांकडून घेऊन शहर भारनियमनमुक्त करण्यात आले. योजना चतुर होती, पण जे शहर पैसे मोजू शकते त्याचा अंधार टळू शकतो, हे तत्त्व त्यातून अधिकृत झाले. जळगावात २०११ मध्ये वितरण क्रॉम्प्टन ग्रीव्हज या कंपनीकडे फ्रँचायझी म्हणून सोपवले गेले आणि २०१५ मध्ये ते महावितरणाला परत घ्यावे लागले. खाजगीकरणाची शिफारस आजही करणाऱ्यांनी ही चार वर्षे एकदा अभ्यासावीत.

वीज निर्माण करण्यात खानदेश कमी पडला असे नाही. भुसावळच्या दीपनगरची राख या जिल्ह्याने अनेक दशके सोसली आहे. साक्री तालुक्यातील शिवाजीनगर येथे सार्वजनिक क्षेत्रातील महानिर्मितीने २०१३ साली १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प उभारला. सूर्य दिवसा तळपतो आणि शेतकऱ्याला वीज दिवसाच हवी आहे. इतका सोपा मेळ क्वचितच जमतो. शेतीच्या वाहिन्या सौर विजेवर आणण्याची योजना सरकारने २०१७ मध्ये जाहीर केली आणि २०२३ मध्ये तिला नवे रूप दिले. तिचे स्वागतच आहे. मात्र कोणत्या उपकेंद्राखालील कोणत्या वाहिनीला दिवसाचे आठ तास प्रत्यक्षात मिळतात, याची यादी गावोगाव लावली गेली पाहिजे. २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना वीजबिल माफ झाले, यानेही समाधान मानण्याचे कारण नाही. फुकटची वीज रात्री दोनला आली तर तिची किंमत शेतकरी झोपेने आणि प्रकृतीने मोजतोच.

तोवर शाखांनी हाती घेण्याजोगे एक काम आहे. हिवाळ्यात सगळे पंप एकदम सुरू होतात आणि रोहित्रे जळतात. ग्रामीण भागातील जळालेले रोहित्र ४८ तासांत बदलावे, न बदलल्यास ग्राहकाला भरपाई द्यावी, असे राज्य वीज नियामक आयोगाच्या २०१४ च्या विनियमांत स्पष्ट होते, आणि हे हक्क २०२१ च्या विनियमांतही कायम आहेत. प्रत्यक्षात शेतकरी वर्गणी काढून, ट्रॅक्टर देऊन रोहित्र आणतात आणि सुटलो म्हणतात. प्रत्येक शाखेने एक नोंदवही ठेवावी: वीज गेल्याचा दिवस व तास, वाहिनीचे नाव, परत आल्याची वेळ, वर्गणी काढली असल्यास रक्कम. तक्रार तोंडी किंवा ओळखीच्या वायरमनला सांगून थांबू नये. ती लेखी द्यावी आणि तिचा क्रमांक घ्यावा, कारण ४८ तास मोजले जातात ते तक्रार नोंदल्यापासून.