३५ कोटी हा आकडा मोठा की छोटा? बातमीतली आकडेमोड तपासणारा पॉडकास्ट

२०१६ मध्ये ब्रेक्झिटच्या सार्वमताआधी ब्रिटनमध्ये एक लाल बस फिरत होती. बसवर दावा होता की, ब्रिटन युरोपियन युनियनला दर आठवड्याला ३५ कोटी पौंड पाठवतो. बीबीसी रेडिओ ४ चा ‘मोअर ऑर लेस’ हा कार्यक्रम २००१ पासून असेच आकडे तपासतो. तो पॉडकास्ट म्हणूनही ऐकता येतो.

मग या आकड्यात चूक काय होती?

ब्रिटनला वर्गणीत मोठी सवलत होती आणि ती पैसे पाठवण्याआधीच वजा व्हायची. म्हणजे ३५ कोटी पौंड प्रत्यक्षात जातच नव्हते. शिवाय शेती आणि मागास भागांसाठी युनियनकडून पैसे परतही यायचे.

आता दुसरा प्रश्न: हा आकडा मोठा आहे का? तेव्हा ब्रिटनची लोकसंख्या होती सुमारे साडेसहा कोटी. भागाकार केला, तर अख्खे ३५ कोटी धरूनही माणशी आठवड्याला साडेपाच पौंडांहून कमीच येतात.

‘मोअर ऑर लेस’चे पहिले सादरकर्ते अँड्र्यू डिलनॉट तेव्हा ‘यूके स्टॅटिस्टिक्स अथॉरिटी’चे अध्यक्ष होते. या संस्थेने मतदानाआधीच हा दावा दिशाभूल करणारा असल्याचं सांगितलं. तरीही प्रचारातून तो हटला नाही. २३ जूनला सुमारे ५२ टक्के मतदारांनी बाहेर पडण्याचा कौल दिला. त्यामागे इतरही कारणं होती, पण खुलासा घोषणेइतका लांब पोहोचत नाही, हे यातून दिसलं.

म्हणूनच व्हॉट्सॲपवर कोट्यवधींचा आकडा आला, तर फॉरवर्ड करण्याआधी दोन गोष्टी विचारा: यातून काय वजा व्हायचं राहिलंय? आणि माणशी किती होतात?