वारसा एकच, वाटेकरी दोन

पी. व्ही. नरसिंह राव आणि अटलबिहारी वाजपेयी हे परस्परविरोधी पक्षांचे पंतप्रधान. तथापि, दोघांच्या कारकिर्दी शेजारी ठेवल्या असता एकाच धोरणाचे दोन टप्पे दिसतात. १९९१ मध्ये अल्पमतातील सरकार चालविताना राव यांनी परवाना राज्याला सुरुंग लावला. १९९४ च्या दूरसंचार धोरणाने खासगी कंपन्यांना दार उघडले. ठरीव शुल्काखाली त्या दबल्या, तेव्हा वाजपेयींच्या १९९९ च्या धोरणाने महसुलातील वाट्याची पद्धत आणली. पोखरणची तयारी १९९५ मध्ये झाली, चाचण्या १९९८ मध्ये. काश्मीरप्रश्नी १९९४ मध्ये जीनिव्हाला गेलेल्या शिष्टमंडळाचे नेतृत्वही राव यांनी विरोधी पक्षनेते वाजपेयींकडेच सोपविले होते.

डाग दोघांच्याही वाट्याला आले. बाबरी मशिदीचा विध्वंस १९९२ मध्ये राव रोखू शकले नाहीत. २००२ मध्ये वाजपेयींनी गुजरातला राजधर्माची आठवण करून दिली, परंतु कारवाई टाळली.

खरा फरक पडला तो नंतर. वाजपेयींना त्यांच्या पक्षाने दैवत केले. रामटेकमधून दोनदा लोकसभेवर गेलेल्या राव यांच्या नशिबी मात्र स्वपक्षाची उपेक्षा आली. २००४ मध्ये त्यांचे अंत्यसंस्कारही दिल्लीत नव्हे, हैदराबादेत झाले. वाजपेयींना २०१५ मध्ये 'भारतरत्न' प्रदान झाले. राव यांना ते २०२४ मध्ये मिळाले, तेही भाजप सरकारकडून. सुधारणांचे श्रेय सांगणाऱ्या काँग्रेसने सुधारकाचे नाव टाळले आणि ती जागा प्रतिस्पर्ध्याने भरली. पंतप्रधानांचे मोठेपण काम ठरवते. स्मरण मात्र पक्ष ठरवतो.