पडद्यावरचे बल्लवाचार्य आणि त्यांचे प्रेक्षक

दूरचित्रवाणीवर पाककृती दाखविणारा बल्लवाचार्य बदलला की त्याच्या समोर बसणारी मंडळीही बदलते. कोणास ओरडणारा आवडतो, कोणास हसतमुख, तर कोणास मावशीच्या मायेने समजावून सांगणारी बाई. ही ज्याची त्याची आवड, असे म्हणून विषय मिटविण्याची आपल्याकडे रीत आहे. आम्हास ती पटत नाही. पाहणाऱ्याच्या घरी स्वयंपाक शिकविणारे कोणी उरले आहे किंवा नाही, यावर ही आवड पुष्कळशी ठरते, असे आमचे मत आहे. त्यासाठी आम्ही वाचकांस थोडा वेळ कतारमध्ये नेऊ इच्छितो.

कतारचे नाव निघाले की आजकाल राजकारणावाचून दुसरे बोलणे होत नाही. ते आपण बाजूस ठेवू. देश चिमुकला, वस्ती सुमारे तीस लाख, आणि तीत मूळचे कतारी आठ-दहांत एक. भारतीयच सात-आठ लाखांच्या घरात आहेत. म्हणजे यजमान थोडे आणि पाहुणे फार, असा हा विलक्षण संसार. हिंदुस्थानशी त्याचा संबंध जुना आहे. १९५९ साली भारताच्या रिझर्व्ह बँकेने खास आखातासाठी काढलेला रुपया १९६६ पर्यंत दोह्याच्या बाजारात चालत असे. त्यांच्या मचबूस या मांसभातास आजही लांब दाण्याचा बासमती तांदूळ लागतो.

अशा या दोह्यात ब्रिटनचे गॉर्डन रामसे यांचे 'मेझ' नावाचे उपाहारगृह २०१० साली 'पर्ल' या कृत्रिम बेटावर उघडले. हे गृहस्थ २००४ पासून 'हेल्स किचन' या कार्यक्रमात शिकाऊ आचाऱ्यांवर तोंडसुख घेऊन जगप्रसिद्ध झाले. डिसेंबर २०११ मध्ये पर्लवर मद्यविक्री बंद झाली आणि २०१२ साली 'मेझ'ही बंद झाले. त्याच वर्षी सेंट रेजिस हॉटेलात त्यांच्याच नावाने नवा थाट उभा राहिला. त्यावरून त्यांचा प्रेक्षक कोण हे दिसून येते. तो त्यांचा पदार्थ घरी करावयास बसत नाही. तो हॉटेलात जाऊन खातो, किंवा नुसता पाहतो. चुलीवर दुसऱ्याची फजिती चालली असता आपण गादीवर बसून पाहण्यात एक मौज आहे, ती आम्ही नाकारीत नाही. परंतु हेच रामसे २०१३ साली अमेरिकेत सुरू झालेल्या बालकांच्या 'मास्टरशेफ ज्युनिअर'मध्ये किती हळुवार बोलतात! माणूस तोच, समोरचे बदलले की जीभ बदलते. तेव्हा त्यांचा तो संताप पुष्कळसा धंद्याचा भाग असावा, अशी शंका आम्हास येते.

त्याच शहरात श्रीमती आयेशा अल-तमीमी यांचे नाव कतारी घरांतून परिचित आहे. दूरचित्रवाणीवरून व पुस्तकांतून त्या आपल्या देशाचा घरगुती स्वयंपाक शिकवीत आल्या आहेत. आरडाओरड नाही, घड्याळाची शर्यत नाही. हरीस म्हणजे गहू व मांस घोटून केलेला मऊ पदार्थ, बलालीत म्हणजे गोड शेवयांवर अंड्याची पोळी. हे पदार्थ कतारच्या आजीस सांगावे लागत नाहीत. मग बाईंचा कार्यक्रम कोण पाहते? आमच्या तर्काने, त्या आजीची नात. जिच्या घरी परदेशातून आलेली स्वयंपाकीण चूल सांभाळते, जिच्या शेजारी दहा देशांची माणसे राहतात, आणि जिला आपल्या घराची चव कोठे लिहून ठेवलेली सापडत नाही, तिला अशी बाई हवी असते. सूक वाकिफ या जुन्या बाजारात श्रीमती शम्स अल-कस्साबी यांच्या भोजनगृहात हीच कतारी न्याहारी मिळते व पाहुण्यांची तेथे गर्दी असते. पाहुणे पोट भरून जातात. नातीस मात्र कृती शिकावयाची असते.

भारतीय कुटुंबांची कथा आणखी निराळी. १९९३ साली झी वाहिनीवर 'खाना खजाना' सुरू झाला आणि उपग्रहाच्या कृपेने हिंदी वाहिन्या आखातातील दिवाणखान्यांत पोहोचल्या. श्री. संजीव कपूर हे पंचतारांकित हॉटेलातील आचारी. पण हसून, चमच्याचे माप सांगून ते घरातल्या थोरल्या भावासारखे शिकवीत. पुरुषाने स्वयंपाकघरात उभे राहणे यात कमीपणा नाही, हे त्यांनी कोणास न दुखविता कोट्यवधी घरांत पटविले. कै. तरला दलाल यांची तऱ्हा वेगळी. १९६६ पासून मुंबईत आपल्या घरी वर्ग घेणाऱ्या या बाईंनी १९७४ साली पहिले पुस्तक काढले; त्या अखेरपर्यंत शिक्षिकाच राहिल्या. लग्न होऊन परमुलखी निघालेल्या मुलीच्या पेटीत त्यांचे पुस्तक असे, तसे मराठी मुलीच्या पेटीत कमलाबाई ओगले यांचे १९७० सालचे 'रुचिरा' असे. वाटी आणि चमचा ही दोन मापे कमलाबाईंनी आपल्या बायकांच्या हाती दिली, हा उपकार लहान नव्हे.

येथे एक तक्रारही नोंदवितो. सर्व देशास एकदम शिकवावयाचे म्हटले की सर्वांस चालेल असाच पदार्थ निवडावा लागतो. त्यामुळे पनीर व टोमॅटोची लाल आमटी घरोघर पोहोचली आणि कोकणातले नारळाचे दूध, कोकम, बिरडे पडद्याच्या कडेस राहिले. दोह्यातील मराठी घरातले मूल पनीर ओळखते; वालाचे बिरडे सोलावे कसे हे त्यास कोणी दाखविलेले नसते. पुढे २००७ साली झी मराठीवर 'आम्ही सारे खवय्ये' आले. श्री. प्रशांत दामले गप्पा मारीत व गावोगावच्या गृहिणी आपापल्या पद्धतीने रांधीत. तेथे शिकविणारा आचार्य कोणीच नव्हता, आणि म्हणूनच आम्हास तो कार्यक्रम अधिक मोलाचा वाटला.

आणखी एका वर्गाचा विसर पडू नये. कतारमधील बहुसंख्य परदेशी माणसे कुटुंबाशिवाय राहणारे कष्टकरी आहेत. एका खोलीत अनेक जण, सामायिक चूल, आणि पाळीने रांधणे. त्यांस ना रामसे उपयोगी ना पंचतारांकित कृती. दोन कांदे, चार अंडी आणि वीस मिनिटे, एवढ्यात काय होईल हे सांगणारा हवा. तो त्यांना खिशातल्या फोनवर भेटला. अमेरिकेत राहत असताना २००९ साली श्रीमती मधुरा बाचल यांनी यूट्यूबवर पाककृती दाखविण्यास आरंभ केला. परदेशातील एकट्या मराठी माणसास मायबोलीतून 'कांदा आता गुलाबी झाला' असे कोणी सांगावे, याचे मोल घरी आई असणाऱ्यास कळणार नाही.

आता आपल्याकडे पाहू. इस्रायलमध्ये २०१० पासून 'मास्टरशेफ' आले. २०१३ साली जर्मनीहून येऊन यहुदी धर्म स्वीकारलेले टॉम फ्रान्झ व २०१४ साली अरब मुस्लिम शास्त्रज्ञ नोफ अथामना-इस्माईल यांनी ते जिंकले. एयाल शनी टोमॅटोचे स्तोत्र गाऊ लागले की आमची मुलेही तोंड उघडून ऐकतात. ऐकोत. परंतु नव्याच्या सणास चिकाचा हलवा करावयाची वेळ आली की त्यांतील एकही परीक्षक कामास येत नाही. गहू किती दिवस भिजवावा, चीक किती वेळा गाळावा, नारळाचे दूध केव्हा घालावे आणि हलवा कडेने सुटू लागला हे कसे ओळखावे, हे ज्यांस ठाऊक आहे त्या बाया आज सत्तरी-ऐंशीच्या आहेत, आणि त्या 'अंदाजाने' घालतात. अंदाज हा शब्द पाककृतीत लिहिता येत नाही. नातीने शेजारी वाटी धरून उभे राहावे, आजीची मूठ त्या वाटीत पडू द्यावी, मग ती कढईत जावी. हाती फोन आहेच. ते मराठीतले बोलणेही त्यात टिपून घ्यावे. पुढच्या नव्याच्या सणापूर्वी ज्या घरांतून अशी मापे आमच्याकडे येतील, ती घराण्याच्या व गावाच्या नावासह या पत्रिकेत छापण्याची आमची तयारी आहे. अलिबागकडचा व पेणकडचा हलवा एकसारखा नसेल, तर दोन्ही छापू.