अंगणातला बांबू आणि शेजाऱ्याची भिंत

नगरच्या नव्या वसाहतींत घरे इतकी जवळजवळ झाली आहेत, की अंगणात बसले तर समोरच्या गॅलरीतून सारे दिसते. आडोसा हवा म्हणून पुष्कळ घरी कुंपणालगत शोभेचा बांबू लावतात. विचार चांगला आहे. फक्त रोप घेण्याआधी दोघांचा विचार करावा : शेजाऱ्याचा आणि पाण्याचा.

बांबू दोन तऱ्हेचा असतो. एक बेट करून जागीच वाढतो. दुसऱ्याचे खोड जमिनीखालून लांब धावते आणि शेजाऱ्याच्या फरशीतून कोंब काढते. नर्सरीत विचारून बेटाचाच घ्यावा. पिवळ्या दांड्यावर हिरव्या रेघांचा, आपल्याकडे सर्रास मिळणारा बांबू बेटाचा आहे, पण तो तीस-चाळीस फूट जातो. लहान अंगणात बारीक दांड्यांचा, कुंपणाचा बांबू बरा. बेटही दरवर्षी रुंदावते, म्हणून भिंतीपासून चार-पाच फूट जागा सोडावी. बाटलीत ठेवतात तो ‘लकी बांबू’ मुळात बांबूच नव्हे.

पहिला चांगला पाऊस झाला की दोन फुटांचा खड्डा घ्यावा. आपल्या काळ्या मातीत पाणी साचते, म्हणून मुरूम आणि कुजलेले शेणखत मिसळावे.

अकोले तालुक्याच्या डोंगरात बांबूला पाऊस पुरतो. नगर, पाथर्डी, जामखेडला तो पाजावा लागतो, विशेषतः पहिले दोन उन्हाळे. त्यासाठी टँकरचे पाणी कशाला? घरात पाच वेळा वुजू होते. त्या पाण्यात साबण नसतो. मोरीपासून एक नळी बेटापर्यंत न्यावी. वुजूतही पाणी वाया घालवू नये, अशी आपल्याला शिकवण आहेच.

नवे कोंब पावसाळ्यात येतात, तेव्हा बुंध्याजवळ खणू नये. कोंब काही महिन्यांत पूर्ण उंची गाठतो, आणि शेंडा एकदा छाटला की तो दांडा पुन्हा उंच होत नाही. हवी ती उंची अशी राखता येते. पावसाळा संपल्यावर तीन वर्षांहून जुने दांडे जमिनीलगत, पेराच्या अगदी वर कापावेत. पोकळ खुंट उरला तर त्यात पाणी साचून डास होतात.

गळलेला पाला बुंध्याशीच राहू द्यावा, ओल टिकते. भिंतीपलीकडे पडलेला मात्र आपणच झाडून आणावा. आणि लावण्याआधी शेजारच्या खालाजानना किंवा काकूंना एकदा विचारावे. आपला आडोसा त्यांचा उजेड अडवू नये.