सही करण्याआधी विचारा: स्तन पुन्हा घडवता येईल का?

अंधेरी ते बोरिवली आणि घाटकोपर ते मुलुंड या भागांत राहणाऱ्या सर्व भगिनींना, आणि त्यांच्या घरच्यांनाही,

मुंबईतल्या स्त्रियांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग स्तनाचा आहे. आपल्या सोसायटीत, चाळीत, भिशीत एखादी तरी यातून गेलेली असतेच. तिच्या केमोची, गळलेल्या केसांची आपण चौकशी करतो. काढलेल्या स्तनाबद्दल मात्र कुणी बोलत नाही, आणि तीही नाही. ब्लाउजमध्ये एका बाजूला रुमालाच्या घड्या कोंबून ती लोकल पकडते, ओढणी सारखी करत राहते, लग्नकार्यं टाळते. स्तनाची पुनर्रचना करता येते, हे अशा कितीतरी जणींना ऑपरेशनच्या आधी कुणी सांगितलेलंच नसतं.

म्हणून आमची पहिली विनंती: संमतीपत्रावर सही करण्याआधी डॉक्टरांना स्पष्ट विचारा की स्तन वाचवता येईल का, आणि काढावाच लागला तर पुन्हा कधी आणि कसा घडवता येईल. गाठ लहान असेल तर बऱ्याचदा तेवढाच भाग काढून नंतर रेडिएशन देतात. अमेरिका आणि इटलीतल्या स्त्रियांची वीस वर्षं नोंद ठेवून २००२ साली जे निष्कर्ष आले, त्यांत असं दिसलं की योग्य रुग्णांमध्ये स्तन वाचवला काय आणि पूर्ण काढला काय, जगण्याची शक्यता सारखीच राहते. प्रत्येकीला हे लागू होत नाही. पण विचारायचा हक्क प्रत्येकीला आहे.

पूर्ण स्तन काढावा लागला तर मुख्य वाटा दोन. एक सिलिकॉनच्या इम्प्लांटची. कधी ते त्याच ऑपरेशनमध्ये बसवतात. कधी आधी एक रिकामी पिशवी ठेवून, तिच्यात काही आठवडे सुईने सलाइन भरत कातडी सैल करतात आणि मग इम्प्लांट घालतात. हे ऑपरेशन तुलनेने छोटं असतं, पण इम्प्लांट जन्मभराचं नसतं. ते फुटू शकतं, भोवतीचं आवरण आवळून छाती कडक होऊ शकते, आणि रेडिएशन झालं असेल तर हा धोका वाढतो. अधूनमधून सोनोग्राफी किंवा एमआरआय करून ते तपासावं लागतं. २०१० साली फ्रान्समधल्या एका कंपनीच्या इम्प्लांटमध्ये औद्योगिक दर्जाचं सिलिकॉन सापडलं. २०१९ साली खरबरीत पृष्ठभागाची एक जात, लिम्फोमा प्रकारच्या एका दुर्मिळ कर्करोगाशी संबंध दिसल्यामुळे, जगभरातून परत मागवली गेली. घाबरून जाऊ नका, पण कंपनीचं नाव आणि क्रमांक असलेलं कार्ड किंवा स्टिकर मागून घ्या आणि फाइलमध्ये जपून ठेवा.

दुसरी वाट स्वतःच्या शरीराची. पोटाची चरबी आणि कातडी, किंवा पाठीचा स्नायू वापरून स्तन घडवतात. पोटाच्या ऑपरेशनला बरेच तास लागतात, बऱ्याचदा सूक्ष्मदर्शकाखाली रक्तवाहिन्या जोडाव्या लागतात, आणि पोटावरही व्रण राहतो. पण जमलं तर ते आपलंच मांस असतं, वजनाबरोबर कमी-जास्त होणारं. दोन्ही वाटांनी घडवलेल्या स्तनाला पहिल्यासारखा स्पर्श सहसा जाणवत नाही, हेही आधीच माहीत असलेलं बरं.

एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. मिश्री लावत असाल, तंबाखू किंवा सिगारेट घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका. सासूबाई शेजारी बसल्या असतील तर त्यांना बाहेर थांबायला सांगा, पण खरं बोला. निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात आणि जोडलेला भाग काळा पडू शकतो. मधुमेहाचंही सांगा.

पुनर्रचनेमुळे कर्करोग परत येतो ही भीती खरी नाही. ऑपरेशन होऊन बरीच वर्षं लोटली असली तरी अनेकींना पुनर्रचना आजही करता येते. परळच्या टाटा रुग्णालयात, केईएम आणि शीव रुग्णालयांत प्लास्टिक सर्जरीचे विभाग आहेत. उपनगरांतल्या मोठ्या खासगी रुग्णालयांतही प्लास्टिक सर्जन आहेत.

पैशांचं बोलायलाच हवं. 'ही सौंदर्यशस्त्रक्रिया आहे, क्लेम मिळणार नाही' असं कुणी सांगितलं तर पॉलिसी उघडा. विमा नियामकाने ठरवून दिलेल्या वगळणुकींत ०८ क्रमांकाचं कलम कॉस्मेटिक शस्त्रक्रियेचं आहे, आणि कर्करोगानंतरची पुनर्रचना त्याच कलमात अपवाद म्हणून लिहिलेली आहे. ते दाखवा, नकार लेखी मागा. विमा नसेल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला विचारा. धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. रुग्णालय कितीही चकचकीत असो, ते धर्मादाय आहे का हे तिथल्या समाजसेवा विभागात विचारायला संकोच करू नका.

घरच्यांनो, 'जीव वाचला ना, आता या वयात काय करायचंय?' हे वाक्य कृपा करून बोलू नका. पंचावन्न वर्षांच्या बाईलाही आरशात स्वतःला पाहायचं असतं. आणि उलटही: तिला पुनर्रचना नको असेल, सपाट छातीनेच राहायचं असेल, तर नवऱ्याने किंवा मुलींनी गळ घालू नये. तिच्यासाठी बाहेरून घालायचे कृत्रिम स्तन मिळतात. सुती धाग्याचे, हलके, मुंबईच्या उकाड्यात सोसवतील असे स्तन काही स्वयंसेविका विणून मोफतही देतात. क्रोशाचा हात असलेल्या आजी-मावश्यांनो, हे काम तुमचं आहे.

शेवटची विनंती महिला मंडळांना आणि बचत गटांना. येत्या हळदीकुंकवाला कर्करोग सर्जन आणि प्लास्टिक सर्जन दोघांनाही एकत्र बोलवा. फक्त बायका असू द्या. दाराशी एक डबा ठेवा आणि प्रश्न नाव न घालता चिठ्ठीवर लिहून मागा, म्हणजे कुणालाही उभं राहून बोलावं लागणार नाही.

आपल्या,
या आजारातून गेलेल्या उपनगरांतील काही जणी