घोड्यावरच्या कादंबऱ्या आणि आपलं कपाट



आमच्या वस्तीतल्या विहारात एक लोखंडी कपाट आहे. वाचनालय म्हणतात त्याला. वरच्या फळीवर 'स्वामी', 'श्रीमान योगी', 'मृत्युंजय', 'छावा', 'पानिपत'. पुठ्ठे निघालेत, पानांना बोटांचे डाग. म्हंजे वाचलेली आहेत. खालच्या फळीवर खैरमोड्यांनी लिहिलेलं बाबासाहेबांचं चरित्र. कोरं करकरीत. शासनानं 1979 पासून छापलेले बाबासाहेबांचे खंडही तिथंच. जयंतीला त्यांना हार, दुसऱ्या दिवशी कुलूप.

मी कुणाला नावं ठेवत नाही. 'मृत्युंजय' वाचून मीही रडलोय. नववीत होतो. भर सभेत सूतपुत्र म्हणून हिणवलेला कर्ण म्हंजे मीच, असं वाटलं. वर्गात माझीही जात विचारली होती, सगळ्यांसमोर. पुस्तक छातीशी धरून झोपलो.

अक्कल आली ती फार उशिरा. च्यायला, हा कर्ण आपला कुठं? तो कुंतीचा पोरगा, सूर्याचा पोरगा, जन्माला आला तोच कवचकुंडलं घालून. मग अन्याय काय झाला? तर क्षत्रियाला सूत समजलं! सूताला सूत म्हणून तुडवतात, याचं दुःख नाही. भलत्या जातीत मोजला गेला, याचं दुःख. एकलव्याला कुठली राजवाड्यातली आई सापडली? त्याचा अंगठा गेला तो गेलाच. 1967 च्या या कादंबरीत सहा जण बोलतात: कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण, कृष्ण. वृषाली आणि शोण सूतांची, हे मान्य. पण जिनं पाण्यातून आलेलं पोर वाढवलं त्या राधेला एक प्रकरण नाही. टाकून देणारीला आहे.

'स्वामी' 1962 सालची. 1964 ला साहित्य अकादमीचा पुरस्कार. थोरले माधवराव, रमाबाई, आणि शेवटी चिता. त्या चितेवर अख्खा महाराष्ट्र रडला. बाई जिवंत जळते यावर रडायचं की संतापायचं, हे वाचकाला कुणी विचारलंच नाही.

आणि त्याच पुण्याच्या रस्त्यानं आपला माणूस कसा चालत होता? लाहोरच्या जात-पात तोडक मंडळानं जे भाषण होऊच दिलं नाही, ते बाबासाहेबांनी 1936 साली स्वतः छापलं. त्यात आहे: कमरेला झाडू, गळ्यात मडकं. त्याच्याही आधी, 1855 साली, जोतिबांच्या शाळेत शिकणारी 14 वर्षांची मांगाची पोर मुक्ता साळवे 'ज्ञानोदया'त लिहून गेली की आमच्या माणसांना तेल-शेंदूर पाजून इमारतीच्या पायात पुरत. तालीमखान्यापुढून कुणी गेला तर त्याच्या मुंडक्याचा चेंडू करत. चौदा वर्षांची पोर! तिचा निबंध जेमतेम काही पानांचा. किती जणांनी वाचलाय, हात वर करा.

कुणी मास्तर उठून म्हणेल, मुक्तेनं लिहिलं ते बाजीरावाच्या राज्याचं, कादंबरी माधवरावाची. बरं. माधवराव गेले 1772 ला, दुसरा बाजीराव गादीवर आला 1796 ला. मास्तर, या 24 वर्षांत मडकं काय आभाळातनं पडलं?

"कादंबरीच ती, इतिहास थोडाच!" हे उत्तर ठरलेलं. मग 2025 साली 'छावा'वर सिनेमा आला तेव्हा काय झालं? तिकडं असीरगडापाशी माणसं रातच्याला बॅटऱ्या घेऊन मोगलांचं सोनं उकरायला शेतात उतरली. मार्चात नागपुरात दंगल झाली आणि खुद्द मुख्यमंत्र्यांनी विधिमंडळात या सिनेमाचं नाव घेतलं. आणि 2017 च्या डिसेंबरात वढू बुद्रुकला गोविंद गोपाळ महार यांच्या समाधीच्या फलकावरून काय झालं, मग 1 जानेवारी 2018 ला काय झालं, ते तुम्हांला सांगायला नको. गोष्टीतली माणसं रस्त्यावर उतरतात, बाबांनो.

आता आपल्या अंगणात या. इथं राग येईल, येऊ द्या.

भीमा कोरेगावच्या स्टॉलवर दहा-वीस रुपयांच्या पुस्तिका मिळतात. त्यांत पाचशे महार अठ्ठावीस हजारांना कापून काढतात. कसली भाषा ती! तीच तलवार, तीच मिशी, तोच टाचेखालचा घोडा. 'श्रीमान योगी'ची नक्कल, फक्त नाव बदललेलं. खरं काय? कंपनीची फौज सगळी मिळून आठशेच्या आसपास, तिच्यात मद्रासचे तोफवाले, मुसलमान, मराठे, सगळे. पेशव्याची सगळी फौज त्या दिवशी लढाईत उतरलीही नव्हती. स्तंभावर कंपनीच्या मेलेल्यांची 49 नावं, त्यांतली 22 'नाक' लागलेली. 22! ज्या पुण्यात आपली सावली बाटवत होती, त्याच्यापासून काही कोसांवर दगडात कोरलेली 22 नावं. हे कमी पडलं म्हणून फुगवायला निघालात? फुगवलेला आकडा समोरचा एका टाचणीत फोडतो, आणि त्याच्याबरोबर ही 22 नावंही कचऱ्यात टाकतो. हत्यार तुम्हीच दिलं त्याच्या हातात.

त्याच लष्करानं पुढं 1890 च्या दशकात महारांची भरती बंद केली. तेव्हा पेन्शनीतले गोपाळबाबा वलंगकर कागद-दौत घेऊन बसले आणि अर्ज लिहीत राहिले. घोडा नाही, तलवार नाही. म्हणून त्यांच्यावर कुणी पोवाडा करत नाही का?

मला घोड्याचं वावडं नाही. अण्णाभाऊंच्या 1959 च्या 'फकिरा'तही घोडा आहे. पण तिथं घोडा धावतो तो उपाशी वस्तीच्या पोटासाठी, गादीसाठी नाही.

म्हणून वरची फळी जाळा, असं मी म्हणत नाही. वाचा. पण पान उलटताना विचारा: घोड्याची लीद कोण काढत होतं? वेशीवर रात्रभर कोण जागत होतं? सांगावा घेऊन पावसातनं कोण पळत होतं? आणि मग खालच्या फळीला हात घाला. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून चळवळीतल्या बायांच्या घरोघर गेल्या, त्यांच्याशी बोलल्या, तेव्हा 1989 ला 'आम्हीही इतिहास घडवला' निघालं. त्यांनी राजवाड्याची वाट धरली नव्हती.

आमच्याच चाळीत एक म्हातारी आहे. 1979 च्या लाँगमार्चात नामांतरासाठी निघाली होती, कडेवर पोर घेऊन. चाळीस वर्षांवर झाली, तिला कुणी काही विचारलं नाही. मीही नाही विचारलं. कादंबऱ्या वाचत होतो ना.

येत्या रविवारी एक वही घेऊन तिच्याकडं चाललोय. आवाज उतरवायला मोबाइल आहेच. ज्यांना यायचं त्यांनी दहाला विहारापाशी थांबा. तिला कमी ऐकू येतं, तेव्हा मोठ्यानं बोलणारं एक पोरगं पाहिजे.