गाडीला पावडरचा रंग

बैहरहून थोरल्या बंधूंचा, आमच्या अण्णांचा, फोन आला. वडिलांची येझदी गंजू लागली आहे. पावडर कोटिंग करावे का? म्हैसूरचा आयडियल जावा कारखाना १९९६ साली बंद पडला, तेव्हा चौकट जपायलाच हवी. शिवाय पुतण्या याच गाडीवरून रोज मलाजखंडला जातो.

मी म्हटले, अण्णा, जरूर करा, पण घाई नको. या रंगात थिनर नसतो. विद्युतभार दिलेली कोरडी पावडर धातूला चिकटते आणि भट्टीत साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसला वितळून एकजीव होते. त्याआधी जुना रंग व गंज पूर्ण काढावा लागतो; नाहीतर वरून चकाकी आणि आतून पोखरण. बेअरिंग, रबर काढून ठेवा, आटे झाकून घ्या. पुट्टी भरलेला पत्रा किंवा कथलाचा डाग दिलेली टाकी भट्टीत घालू नका. चेसिस नंबर जाड थराखाली बुजू देऊ नका.

मुख्य म्हणजे, चौकट उघडी झाली की प्रत्येक वेल्डिंगचा जोड उजेडात बघा. बारीक तडा रंगाखाली लपतो, बुजत नाही. वडिलांची गाडी चकाकावी हे खरेच; पण पोर संध्याकाळी सुखरूप घरी यावे, हे त्याहून मोठे.